दादाचं पुढे काय? दिव्यांग भावंडासोबत वाढलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक मेळाव्यांत चहाच्या वेळी भावंडं कोपऱ्यात गाठून जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः बहीण आहे. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. जिथे कायदा किंवा वैद्यकाचा प्रश्न आहे तिथे माहिती दिली आहे. बाकी ठिकाणी माझं मत आहे, ते कुणाला पटणार नाही हेही मला माहीत आहे.

हे पान पालकांसाठी नाही का?

पालकांनी वाचलं तर चांगलंच. पण पालकांसाठी आपल्याकडे बरंच बोललं गेलंय. शिवडीची जय वकील ही विशेष मुलांची शाळा १९४४ मध्ये सुरू झाली ती वकील आडनावाच्या दांपत्याच्या दिव्यांग मुलीमुळे. नाशिकची प्रबोधिनी ही तशीच शाळा रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये काढली, त्यामागेही त्यांचा मुलगा होता. महाराष्ट्रात या क्षेत्रात जे उभं राहिलं, त्यातलं कितीतरी आईवडिलांच्या जिवावर उभं राहिलं. संस्थांच्या नावांतही 'पालक' असतं. भावंडं असतात ती वर्धापनदिनाच्या फोटोत, सरबताचे ग्लास फिरवताना. त्यांना 'तुझं काय चाललंय?' असं विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

मतिमंद, गतिमंद, विशेष, दिव्यांग: नक्की काय म्हणायचं?

दादाच्या १९७४ च्या कागदावर डॉक्टरांनी 'मोंगोल' लिहिलंय. तेव्हा वैद्यकातही तोच शब्द होता. मग शाळेत 'मतिमंद' आला, पुढे 'विशेष मूल' आणि आता 'दिव्यांग'. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकार मानतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक दिव्यांगत्व हे त्यात वेगवेगळे धरलेत. फॉर्म भरताना हे शब्द बिनचूक हवेत, कारण सवलत त्यावर ठरते.

गल्लीतला शब्द वेगळा. आमच्याकडे 'खुळं' म्हणतात. गंमत म्हणजे हाच शब्द लाडानेही येतो: 'खुळी कुठली!' त्यामुळे कोण कोणत्या सुरात म्हणतंय हे लहानपणीच ओळखता यायला लागतं. तिसरीत एका मुलाने चुकीच्या सुरात म्हटलं, तेव्हा मी त्याच्या डोक्यात पाटी घातली होती. असं करा असं मी सुचवत नाही.

आणखी एक. बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मानसिक आजाराच्या व्याख्येतून ते बाहेर ठेवलंय. नातेवाईक 'चांगल्या मानसोपचार डॉक्टरला दाखवा, बरा होईल' म्हणतात तेव्हा हा घोळ झालेला असतो.

पाहुणे आले की भावाला आतल्या खोलीत पाठवतात. मी मोठी झाले तरी तेच चाललंय. काय करू?

आमच्या घरी हळदीकुंकवाला दादाला माजघरात बसवायचे, हातात चिवड्याची वाटी देऊन. तो आधी शेंगदाणे वेचून खायचा, मग डाळं, मग पोहे. वाटी संपली की आतून जोरात ओरडायचा, 'झालं!' बाहेर वीस बायका ऐकायच्या आणि कुणी काही ऐकलं नाही असं दाखवायच्या. आई त्या वेळी अत्तरदाणी कुठे ठेवली ते शोधत असायची.

हे बदललं ते कुठल्या समुपदेशनाने नाही. एकदा आई तापाने पडली, मी परीक्षेला गेले होते आणि आत्याबाई आल्या. दादाने तांब्या-भांडं आणून दिलं. आत्याबाई पाणी प्यायल्या. एवढंच. त्यानंतर आमच्या घरी पाणी देणं हे दादाचं खातं झालं, आणि पाणी द्यायचं तर बाहेर यायलाच लागतं.

तेव्हा 'त्याला बाहेर बसू द्या' यावर भांडण्यापेक्षा त्याच्याकडे एखादं काम द्या, ज्याच्यासाठी तो बाहेर हवाच. आपल्या घरांत माणसाची जागा त्याच्या कामावरून ठरते. हे मला फारसं आवडत नाही, पण उपयोगी पडतं.

आजी म्हणते आईने ग्रहण पाळलं नाही. कुणी म्हणतं पितृदोष. काय उत्तर द्यायचं?

ग्रहणात भाजी चिरली, सातव्या महिन्यात वेशीबाहेर गेली, मागच्या जन्मीचं पाप: बोट बहुतेक वेळा आईकडे वळतं. आमचे बाबा त्र्यंबकेश्वरला जाऊन तीन दिवसांची नारायण नागबळी करून आले. त्यांनी आयुष्यात घेतलेली ती एकमेव मोठी रजा. आल्यावर आई म्हणाली, 'आता तरी मला कुणी बोलणार नाही ना?' पूजेचा जो काही उपयोग झाला तो तेवढाच, आणि तोही महिनाभर टिकला.

डाऊन सिंड्रोममध्ये पेशीत २१ व्या गुणसूत्राचा भाग जादा असतो. हे १९५९ पासून माहीत आहे. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. सेरेब्रल पाल्सी मेंदूला जन्माच्या आधी, जन्मताना किंवा लगेच नंतर झालेल्या इजेतून येते. आजीला हे सांगून पटेल असं नाही. माझ्या अनुभवात वाद घालण्यापेक्षा आईच्या बाजूला जाऊन बसणं जास्त लागू पडलं.

याची दुसरी बाजूही सांभाळा. 'देवमाणूस आहे', 'त्याच्या तोंडून निघालेलं खरं होतं' असं म्हणत बायका दादाच्या पाया पडायच्या आणि मुलाच्या निकालाचं विचारायच्या. वरवर हे बरं वाटतं. पण अशा माणसात अलौकिक शक्ती आहे असं भासवून त्याचा धंदा करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलाय. दादाने एकीला 'नापास' सांगितलं, तेव्हा आमच्याकडचा ओघ आपोआप थांबला.

सगळं लक्ष भावाकडे असायचं. मला राग येतो आणि मग राग आल्याचीच लाज वाटते.

'तू शहाणी आहेस ना?' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. तू शहाणी आहेस ना, मग तुझी बाहुली दे त्याला. तू शहाणी आहेस ना, मग सहलीला पुढच्या वर्षी जा. मराठीत 'शहाणी' हा शब्द फार सोयीचा आहे. हवं तेव्हा कौतुक, आणि तोंड उघडलं की 'जास्त शहाणपणा नको'.

त्याच्यावर आणखी एक ओझं बसतं ते गुणांचं. दहावीचा निकाल घेऊन आले तेव्हा बाबा पेढे आणायला निघाले आणि दारात थांबून म्हणाले, 'दोघांचं तूच शिकायचंस.' त्यांना अभिमान वाटत होता. मला मात्र पोटात गोळा आला. पुढे कितीतरी वर्षं कमी गुण पडले की दादाची फसवणूक केल्यासारखं वाटायचं. दादाला माझ्या गुणांशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला पेढा हवा होता.

राग येणार. बहुतेक भावंडांना येतो. तो राग भावावर असतो की आईवडिलांवर, की आईवडिलांना एकटं टाकणाऱ्या नातेवाइकांवर, हे वेगळं करून बघा. माझा राग वीस वर्षं चुकीच्या पत्त्यावर जात होता. अमेरिकेत डॉन मेयर यांनी अशा भावंडांसाठी 'सिबशॉप' नावाचे खेळगट सुरू केले. तिथे मुलं पकडापकडी खेळतात आणि मधूनच असल्या गोष्टी बोलतात. आपल्याकडे शाळेच्या पालकसभेच्या दिवशी शेजारच्या वर्गात एवढं सहज करता येईल. एक चटई, एक ताई आणि खाऊ पुरेसा आहे.

मुलगी आहे म्हणून माझ्यावर जास्त पडतं का?

हो. अंघोळ, जेवण, औषधं, शाळेची डायरी हे बहिणीकडे. बँक, जमीन, 'पुढचं बघू' हे भावाकडे. मग बहिणीचं लग्न होतं आणि ती 'परक्या घरची' होते, पण दादाला ताप आला की फोन तिलाच. आणि भावाच्या घरी रोजचं करणारी असते वहिनी, जिला या सगळ्यात कुणी विचारलेलं नसतं. वहिनींबद्दल मेळाव्यांत फार वाईट बोललं जातं. मला त्यांची बाजू दिसते.

भावंडं दोनपेक्षा जास्त असतील तर एकदा बसून वहीवर लिहा: कोण काय करतं, आठवड्यात किती तास. आमच्या गटातल्या एका ताईने हे केलं. तिच्या भावाने वही बघून, 'हे एवढं असतं?' एवढंच विचारलं. तो नालायक नव्हता, त्याला खरंच दिसत नव्हतं.

माझ्यासाठी स्थळं बघतायत. भावाबद्दल कधी सांगायचं?

आधी. पत्रिका देतानाच. मध्यस्थ सांगतील, 'पसंती होऊ द्या, मग बोलू.' घरचे सांगतील, 'कांदेपोह्यांना त्याला मावशीकडे ठेवू.' आमच्याकडेही दोन वेळा ठेवला होता. तिसऱ्या वेळी मावशीकडून तो स्वतःच चालत परत आला आणि नेहमीप्रमाणे पाणी घेऊन बैठकीत गेला. मुलाच्या आईने ग्लास घेतला नाही. ते स्थळ मोडलं, आणि मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

सांगताना अर्धवट नको. 'भाऊ थोडा साधा आहे' म्हणू नका. काय आहे, तो काय करतो, आणि आईवडिलांनंतर माझी काय जबाबदारी असेल, हे तीन मुद्दे स्पष्ट हवेत. तिसऱ्यावर तुम्ही स्वतःच अजून विचार केला नसेल तर तसंही सांगा. नकार येतील. लपवून जमलेल्या लग्नांत पुढे माहेरी जाण्यावरून काय होतं ते मी जवळून पाहिलंय, त्यापेक्षा नकार परवडतात.

माझ्या मुलांना हे होईल का?

हा प्रश्न सासरचे कुजबुजत विचारतात, तुम्ही सरळ डॉक्टरांना विचारा. उत्तर निदानावर अवलंबून आहे, म्हणून आधी भावंडाचं निदान कागदावर हवं.

डाऊन सिंड्रोमच्या साधारण ९५ टक्के व्यक्तींत जादा गुणसूत्र सुटं असतं. ते घराण्यातून आलेलं नसतं आणि भावंडांच्या मुलांना त्यामुळे वाढीव धोका नसतो. थोड्या व्यक्तींत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. तो प्रकार कधीकधी कुटुंबातून येतो, तेव्हा भावंडांनीही तपासून घ्यावं. हे कॅरिओटाइप नावाच्या रक्ततपासणीत कळतं. फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक दिव्यांगत्व आणणारा जनुकीय विकार आईकडून येतो आणि बहीण वाहक असू शकते. ऑटिझममध्ये एका मुलाला असेल तर धाकट्या भावंडात शक्यता सर्वसाधारणपेक्षा बरीच जास्त असते. सेरेब्रल पाल्सी बहुतेक वेळा आनुवंशिक नसते.

आणि आपल्याकडचा खास मुद्दा म्हणजे मामाची मुलगी. अनेक समाजांत आते-मामे भावंडांचं लग्न हक्काचं मानतात. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या बाळात जन्मजात दोषाची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते. तरी बहुसंख्य मुलं निरोगी जन्मतात. पण घरात आधीच एखादं न उलगडलेलं निदान असेल तर जनुकीय सल्ल्याशिवाय असं लग्न ठरवू नका, मामा रुसला तरी चालेल.

सणात आणि लग्नकार्यात त्याला कसं सामील करायचं?

इथे आपल्या रीती आपल्या बाजूने आहेत. राखी बांधायला भाऊ हुशार असावा लागत नाही, तो भाऊ असावा लागतो. मी दादाला दादाच म्हणते, त्याच्या शर्टाची बटणं लावतानाही. या एका शब्दाने त्याचं मोठेपण घरात टिकलं असं मला वाटतं.

भाऊबीजेला आई त्याच्या खिशात दहाची नोट ठेवायची, तो ताटात टाकायचा. मग तो दिव्यांगांच्या कार्यशाळेत कामाला जायला लागला. दिवाळीआधी पणत्या रंगवायचं काम असतं. पहिल्या वर्षी त्याने आईची नोट परत दिली आणि स्वतःच्या पाकिटातून वीस रुपये काढले, दोन वेळा मोजून. बहीण दिव्यांग असेल आणि तिला निरांजनाची भीती वाटत असेल, तर ताम्हन तिच्याबरोबर तुम्हीही धरा, किंवा नुसत्या अक्षता टाका.

माझ्या लग्नात कानपिळीचा प्रश्न आला. नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान वधूच्या भावाचा. काकांनी सुचवलं, चुलत भावाला उभा करू, उगाच फजिती नको. बाबा ऐकेनात. दोन आठवडे दादाने बाबांच्या कानावर सराव केला. कार्याच्या दिवशी त्याने कान धरला तो सोडेचना, कारण 'सोड' हे कुणी शिकवलंच नव्हतं. गुरुजी थांबले, सनईवाला हसायला लागला. नवऱ्याचा उजवा कान रिसेप्शनच्या सगळ्या फोटोंत लाल आहे. लाह्या देताना त्यातल्या मूठभर त्याने खाल्ल्या.

सगळ्यांना हे झेपेल असं नाही. ऑटिझम असलेल्या भावाला बँड आणि गर्दी सहन होत नसेल तर त्याला मांडवात बसवण्याचा हट्ट धरू नका. सकाळी मांडव रिकामा असताना हळद लावून घ्या, फोटो काढा, आणि घरी जाऊ द्या.

बहिणीची पाळी सुरू झाली. नातेवाईक 'पिशवी काढून टाका' म्हणतात.

१९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींवर पुण्यात अशाच शस्त्रक्रिया झाल्या आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. सोय कुणाची आणि शरीर कुणाचं, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे आहे. गर्भाशय काढल्याने लैंगिक अत्याचाराचा धोका कमी होत नाही, झालेला अत्याचार तेवढा लपतो.

पाळीची स्वच्छता बऱ्याच मुली शिकतात. बाहुलीवर दाखवा, पॅडवर लाल शाई टाकून दाखवा, ठरलेला डबा आणि ठरलेली जागा ठेवा. हे आईपेक्षा बहीण चांगलं शिकवते, कारण ती स्वतःचं उदाहरण देऊ शकते. आणि घरात शिवाशिव पाळत असाल तर तिला ती समजावण्याच्या भानगडीत पडू नका. त्या निमित्ताने शिवाशिवच बंद झाली तर उत्तमच.

आईबाबांनंतर कोण? हे विचारलं की घरात शांतता पसरते.

या पानावरचा हा मुख्य प्रश्न आहे. आपल्या घरांत उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं आणि बोलायला कुणी तयार नसतं. 'तू आहेसच ना' यात प्रश्नचिन्ह नसतं. आई म्हणायची, 'त्याच्याआधी मला नेऊ नकोस रे देवा.' हे ऐकल्यावर कागदपत्रांचा विषय काढणार कसा? मी काढला, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, आणि आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने पेटीतून दाखले काढून दिले.

पहिली गोष्ट पालकत्वाची. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करतात. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि मग दरवर्षी हिशोब. बहिणीसाठी अर्ज असेल तर हे माहीत असू द्या: न्यासाच्या नियमांप्रमाणे स्त्रीचं पालकत्व एकट्या पुरुषाला देत नाहीत, पत्नीसह सहपालकत्व लागतं. म्हणजे ज्या वहिनीला विचारलं नव्हतं, तिची सही लागते. या नियमावर मी खूश आहे. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाचीही सोय आहे. त्यात ठरावीक निर्णयापुरती, त्या व्यक्तीला सोबत घेऊन मदत करायची असते.

दुसरी गोष्ट हिश्श्याची. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ प्रमाणे आजार किंवा व्यंग या कारणाने कुणाचा वारसा जात नाही. दादाचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे. 'त्याला कशाला नावावर, आम्ही बघतोच आहोत' असं म्हणत त्याचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेणारे भाऊबंद असतात. ज्याला कागद कळत नाही त्याच्या अंगठ्याने हक्क सुटत नाही, आणि हे भांडण पुढे कोर्टात जातं. आईवडील हयात असतानाच मृत्युपत्र करा, त्यात त्याच्या हिश्श्याची व्यवस्था कोण बघेल ते लिहा. रक्कम मोठी असेल तर खासगी ट्रस्टबद्दल वकिलाशी बोला.

तिसरी गोष्ट, लहान पण पदरात पडणारी. आई किंवा बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त असतील तर दिव्यांग अपत्याला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. ते हयात असतानाच त्याचं नाव नोंदवून घ्या, मागून धावपळ फार होते. न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरत असाल तर तुमच्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग भावंडासाठी ७५ हजार रुपयांची वजावट आहे, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची. भावंडंही यात येतात हे अनेक करसल्लागारांना सांगावं लागतं.

संस्थेत ठेवणं म्हणजे त्याला टाकणं का?

बदलापूरचं 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' ही पालकांनीच उभी केलेली निवासी घरं आहेत. त्यांना 'टाकलं' म्हणणाऱ्यांनी एक रविवार तिथे जेवून यावं. त्याच वेळी, आई गेल्यावर पंधराव्या दिवशी बॅग भरून अनोळखी जागी सोडणं हे टाकण्यासारखंच आहे. फरक तयारीचा. आधी दोन दिवस, मग आठवडा, असं आईवडील असताना सुरू करा. घरी ठेवणं हे आपोआप जास्त प्रेमळ असतं असंही नाही. दिवसभर टीव्हीसमोर बसवलेला, वजन वाढलेला, कुणाशी न बोलणारा भाऊ मी चांगल्या घरांत पाहिलाय.

मी परदेशात असते. पैसे पाठवते, पण अपराधी वाटतं.

पैसे पाठवणं हे कामच आहे, त्याला कमी लेखू नका. पण एक तांत्रिक बाब: न्यासाच्या नियमांप्रमाणे पालक भारतीय नागरिक असावा लागतो. तुम्ही तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर इथल्या कुणाला तरी विश्वासात घ्यावं लागेल. व्हिडिओ कॉल ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी करा. दादासारख्या माणसाला 'कधीतरी करते' कळत नाही, 'रविवारी वरणभात झाल्यावर' कळतं.

वय वाढल्यावर कशावर लक्ष ठेवायचं?

डाऊन सिंड्रोम असलेली माणसं आता साठीपर्यंत जगतात, म्हणजे भावंडांच्या हाताखाली त्यांचं म्हातारपण येतं. थायरॉईड दरवर्षी तपासा. चाळिशीनंतर विस्मरणाकडे लक्ष ठेवा, कारण अल्झायमर त्यांच्यात लवकर येतो. 'तो असाच आहे' म्हणून डॉक्टरही सोडून देतात. तो असा नव्हता हे सांगायला तुम्ही हव्यात.

आई किंवा बाबा गेले तर त्याला घाटावर न्यायचं का?

न्या. आणि 'गावाला गेली' असं सांगू नका. बाबा गेले तेव्हा कुणीतरी तसं सांगितलं आणि दादा तीन दिवस संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसला. आईच्या वेळी मी सरळ सांगितलं: आई मेली, तिचा श्वास थांबला, ती परत येणार नाही. त्याने तिच्या नाकाखाली बोट धरून बघितलं.

अग्नी कोण देणार यावर काकांनी पुन्हा चुलत भावाचं नाव काढलं, 'याला काय कळतंय?' गुरुजींनी विचारलं, 'मुलगा आहे ना? मग?' दादाने मडकं खांद्यावर घेतलं, तीन फेऱ्या मारल्या. मागे टाक म्हटल्यावर मात्र टाकेना. 'फुटेल. आई ओरडेल.' शेवटी मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी सोडलं.

दहाव्याला कावळा शिवेना. तुम्हाला माहीत आहे पुढे काय होतं ते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी म्हणाली, 'सांग तिला, दादाला बघशील म्हणून.' ज्या वचनाबद्दल घरात पन्नास वर्षं कुणी बोललं नाही, ते नदीकाठी चाळीस माणसांसमोर मागतात. मी मोठ्याने म्हटलं, 'आई, समितीकडे अर्ज गेलाय, मृत्युपत्रही रजिस्टर आहे.' काका वैतागले. कावळा फांदीवरच.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की दादा पिंडापाशी काठी घेऊन उभा आहे आणि येईल तो कावळा हाकलतोय. आईचा भात होता ना तो.